गालाला कळलेला उजेड

“बाबा, खोटं बोललात तुम्ही!”

“हळू बोल. भिंतीपलीकडे डॉक्टरीणबाई बसल्यात.”

“बसू देत! इथे दिवा डावीकडे की उजवीकडे, दर वेळी बरोबर सांगता. आणि काल घरी मोबाईलचा टॉर्च थेट डोळ्यांवर धरला, तर मलाच विचारता, ‘वीज गेली का गं?’”

बाप इस्त्रीवाला. उभा जन्म त्याने टेबलापाशी लोकांच्या कॉलरी ताठ करण्यात घालवला. इस्त्री तापली का, हे बघायला तो पाणी शिंपडायचा नाही. गालाजवळ धरायची, झालं. डोळ्यांचे पडदे झिजत गेले. आधी कडेचं दिसेना, मग समोरचंही. तरी गालाच्या भरवशावर त्याने धंदा रेटला. एका वकिलाचा काळा कोट जाळला, तेव्हाच शटर खाली ओढलं.

मग या दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी निघाली. उजेड पडला की रूप बदलणारं रसायन. डोळ्यातल्या मेलेल्या पेशींचं काम ते शेजारच्या जिवंत पेशींकडून करून घेणार. सुईने थेंबभर आत सोडायचं आणि दिवा ओळखायला लावायचा. दिवा नेमका जुना, चांगला तापणारा.

“पहिल्यांदा मुद्दाम नाही केलं गं. गाल शेकला आणि ‘डावीकडे’ निघून गेलं तोंडातून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू तर रडलीस.”

“आणि नंतर?”

“नंतर... गाल पुढे करत गेलो.”

त्याचे कान लाल झाले. लेक खुर्ची ओढून जवळ बसली.

“तुम्हाला गुण आला म्हणून बाहेर बाकावर बसलेल्या त्या शाळेतल्या बाईंना आज हीच सुई देणार आहेत. त्यांना अजून अंधुक का होईना, दिसतं. तेही गेलं म्हणजे? सांगता, की मी सांगू?”

“मीच सांगतो. तू बस.”

काठी टेकत तो बाहेर आला. बाकावरून कुणीतरी त्याचा हात धरला.

“काका, तुम्हीच ना ते, टाळ्या मिळालेले? सुईसाठी माझी सही झाली बरं का! मला फार नको, पोरीचं तोंड नीट दिसलं तरी पुरे. पण मला खरं सांगा हं, अगदी आपल्या माणसाला सांगावं तसं... दिसतं ना हो?”

इस्त्रीवाल्याने हात सोडवून घेतला. काठीला डॉक्टरीणबाईंचं दार लागलं. क्षणभर तो थांबला. मग दार न ठोठावताच भिंत चाचपत पुढे गेला, दवाखान्याच्या पायऱ्या उतरून, रस्त्यावर.