धुराड्याचं तोंड घाटाकडे

काकींना आम्ही खुर्चीसकट उचलून पडवीत आणलं, तेव्हा हॉलमधली समोरची भिंत दिसत नव्हती. मग त्यांची मुलगी मीनाताई आत जाऊन खिडक्या उघडत सुटल्या. काकी खोकत होत्या, पदराने डोळे पुसत होत्या. मी टॉर्च घेऊन फायरप्लेससमोर उकिडवा बसलो. ती फायरप्लेस मीच बांधलेली. धूर चिमणीतून वर जायचा सोडून माझ्या तोंडावर येत होता.

“मेस्त्री, सकाळी तर तुम्ही पेटवून दाखवलीत,” मीनाताई म्हणाल्या.

दाखवली होती. सकाळी अकरा वाजता. धूर शहाण्यासारखा वर गेला होता. मी कामगारांसमोर हात झटकले होते आणि चहा मागितला होता.

“लाकडं ओली असतील,” मी म्हणालो. माणूस अडचणीत आला की आधी लाकडांना दोष देतो.

मी दत्ता मेस्त्री. वैभववाडीच्या आसपास तीस वर्षं घरं बांधतोय. चिऱ्याची बांधली, स्लॅबची बांधली, दोन देवळांचे सभामंडप केले. फायरप्लेस मात्र पहिलीच. मीनाताई कॅनडात नर्स होत्या. रिटायर झाल्यावर आईजवळ राहायला आल्या आणि घाटाच्या पायथ्याशी त्यांनी नवं घर काढलं. आमच्याकडे कसली थंडी, असं किनाऱ्याकडची माणसं म्हणतात. त्यांनी पौषातली एक संध्याकाळ इथे पायथ्याशी काढावी. दिवस मावळला की घाटावरून गारठा असा उतरतो की काकींचे गुडघे धरून बसायचे. त्यांचा ठाण्याचा मुलगा फोनवर सारखा म्हणायचा, आईला फ्लॅटवर घेऊन जातो. काकींना जायचं नव्हतं. शेवटी भावाबहिणीत ठरलं होतं की संक्रांतीपर्यंत हॉल ऊबदार झाला तर आई इथे, नाहीतर ठाण्याला. म्हणजे म्हातारी कुठे राहणार हे माझ्या चिमणीवर येऊन ठेपलं होतं.

फायरप्लेस म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. भिंतीत एक कोनाडा, तो फायरबॉक्स. आतून फायरब्रिक लावायची, कारण आपला चिरा आगीसमोर टिकत नाही, तडकतो. फायरबॉक्सच्या वर अरुंद गळा, त्याला थ्रोट म्हणतात. गळ्यात एक लोखंडी झाकण असतं, तो डँपर. आणि तिथून वर छपराबाहेर जाते ती चिमणी, आमच्या भाषेत धुराडं. सगळा खेळ ओढीचा असतो. गरम हवा वर जाते आणि धुराला ओढून नेते. ओढ नसेल तर फायरप्लेस म्हणजे भिंतीतलं भोक.

ड्रॉइंग पुण्याच्या आर्किटेक्टने दिलं होतं. मापं मी सुताने तपासून घेतली होती. एकच बदल केला. ड्रॉइंगमध्ये चिमणीवरची टोपी चार खांबांवर होती, चारी बाजूंनी उघडी. मला हसू आलं. पुण्याच्या माणसाला आमचा पाऊस काय माहीत? आमच्याकडे पाऊस वरून पडत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो. उघडी टोपी ठेवली असती तर जूनमध्ये काकींच्या हॉलमध्ये तळं झालं असतं. म्हणून मी टोपीच्या तीन बाजू बांधून काढल्या आणि तोंड ठेवलं फक्त पूर्वेला, घाटाकडे. पावसाकडे पाठ. कोकणातला कुठलाही गवंडी हेच करील. माझ्या बापाने मला पाटी धरायला शिकवायच्या आधी पाऊस कुठून येतो ते शिकवलं होतं.

आता माझ्या पोटातलं दुखणं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझी बायको शालन चुली घालते. मातीच्या. पूर्वी वाडीतल्या बायका तिला बोलवायच्या, आंघोळीच्या पाण्याची चूल घालून दे म्हणून. गॅस आला तेव्हा मला वाटलं, संपलं हे. पण आता जागोजाग होमस्टे निघालेत आणि प्रत्येकाला बोर्डावर ‘चुलीवरचं जेवण’ लिहायचं असतं. तळेऱ्यापासून नांदगावपर्यंत बाईला मागणी. शालन वयनीच्या चुलीला धूर नाही, अशी ख्याती. गेल्या वर्षी एका लग्नात नवरीच्या मामाने माझी ओळख करून दिली, “हो शालनाचो घोव.” म्हणजे शालनचा नवरा. तीस वर्षं घरं बांधली मी. माझं व्हिजिटिंग कार्ड आहे. आणि लग्नात मी कोण, तर शालनाचो घोव. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या वाढीची सोलकढी तेवढी घेतली.

आणि ती करते काय? माती कालवते, कोंडा घालते, हाताने थापते. माप नाही, ओळंबा नाही. चूल घालायच्या आधी संध्याकाळी त्या घरी जाते, उदबत्ती पेटवून स्वयंपाकघरात नुसती उभी राहते. बायका तिच्याकडे भक्तिभावाने बघत असतात. मी याला नाटक म्हणायचो. तिच्या तोंडावर म्हणायचो. ती हसायची, आणि तिच्या हसण्याने मी जास्त जळायचो.

तर धूर. दुसऱ्या दिवशी मी ऐनाची खणखणीत वाळलेली लाकडं नेली. दुपारी पेटवली, झकास. संध्याकाळी मीनाताईंचा फोन, पुन्हा धूर. मी म्हणालो, तुम्ही पेटवताना चुकताय. कॅनडात वीस वर्षं फायरप्लेस पेटवलेल्या बाईला मी हे सांगितलं. त्यांनी नुसता फोन ठेवला, हे त्यांचे उपकार.

मग मी चिमणी दोन फूट उंच केली. चिमणी उंच तर ओढ जास्त, हा नियम. वर टोपी पुन्हा तशीच बसवली. दुपारी झकास, संध्याकाळी धूर. मग फायरबॉक्सचं तोंड पत्रा लावून लहान केलं. तेच. आमचं काम पाचला सुटतं, कामगारांना गाडी गाठायची असते, त्यामुळे माझ्या सगळ्या चाचण्या उन्हात झाल्या आणि काकींचा सगळा खोकला संध्याकाळी. हे मला तेव्हा दिसलं नाही. आता लिहिताना लाज वाटते.

आर्किटेक्टला फोन केला. त्याने एकच विचारलं, ड्रॉइंगप्रमाणे केलंय ना सगळं?

“तंतोतंत, सर,” मी म्हणालो.

त्यानंतर काकींनी मला जवळ बोलावलं. गुडघ्यांवर घोंगडी, हातात पाण्याचा पेला. त्यांच्या जुन्या घरची न्हाणीची चूल शालनने घातली होती, ते मी विसरलो होतो. त्या विसरल्या नव्हत्या.

“दत्ता, शालनाक एकदा घेवन ये रे. तिका बघूं दी.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुण्याचं ड्रॉइंग, फायरब्रिक, डँपर, आणि तपासायला कोण, तर शालन. मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, “काकी, ती म्हायेराक गेली हा.”

ती माहेरी गेली नव्हती. घरी पोहे भिजवत होती. संध्याकाळी तिने विचारलं, काकींच्या फायरप्लेसचं काय झालं. मी सांगितलं, फर्स्टक्लास. एका दिवसात दोनदा खोटं बोललो, आणि दोन्ही वेळा बायकांशी. संक्रांत आठवड्यावर आली होती. ठाण्याच्या मुलाने गाडी ठरवल्याचं मीनाताईंनी मला सांगितलं. काकींची पातळं ट्रंकेत भरायला घेतली होती. हे ऐकूनसुद्धा मी घरी तोंड उघडलं नाही. इतका जळका माणूस मी. हे मी अभिमानाने सांगत नाही, झालं ते सांगतोय.

मग वैभववाडीचा बाजार आला. शालन सुकी मासळी घ्यायला गेली आणि तिथे मीनाताईंनी तिला गाठलं. “अगं, आलीस माहेरून?”

शालन घरी आली तेव्हा मी जेवत होतो. तिने पिशवी ठेवली, माझ्या पानात भात वाढला आणि समोर बसली.

“मी कधी गेलंय म्हायेराक?”

मी भात कालवत राहिलो.

“म्हातारी ठाण्याक चल्ली. तुमका ठावक होता?”

“होता.”

तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. भांडणात मला बोलता येतं. ती फक्त म्हणाली, “सांजेक जावया,” आणि आत गेली.

संध्याकाळी आम्ही स्कूटरवरून गेलो. काकी पडवीत होत्या. शालनला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मी मागे राहून उगाच स्कूटरचं स्टँड दोनदा लावलं.

शालनने फायरप्लेसकडे बघितलंसुद्धा नाही. मला तोही अपमान वाटला. पदर खोचला, पिशवीतून उदबत्ती काढली, पेटवली आणि हॉलमध्ये उभी राहिली. मग कोनाड्याजवळ नेली. धूर चुलीकडे जायला हवा होता. तो तिच्या कोपराकडे आला, खोलीत. ती तशीच उदबत्ती घेऊन बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, गेली. तिथे धूर घाटाकडून समुद्राकडे वाहत होता. तिने मान वर करून चिमणी पाहिली.

“धुराड्याचा तोंड घाटाकडे कोणी केल्यान?”

मीनाताई माझ्याकडे बघायला लागल्या. पुण्याच्या माणसावर ढकलावं असं एकदा मनात आलं. पण आदल्या खोट्यांचं ओझं होतं.

“मी.”

“कित्याक?”

“पावसासाठी.”

“पाऊस आता खंय आसा?” ती म्हणाली. “चूल पेटतली थंडयेत. थंडयेत वारो सांजेक घाटार्‌सून येता. तो सरळ तोंडात घुसता आणि धुराक खाली ढकलता.”

तेवढंच बोलली. मी कट्ट्यावर बसलो. दिवसा वारा समुद्राकडून वर येतो. तो टोपीच्या बंद पाठीवर आपटायचा आणि धूर छान निघून जायचा. दिवस मावळला की वारा उलटतो, घाटावरून खाली येतो. हे काय मला ठाऊक नव्हतं? लहानपणापासून ठाऊक होतं. त्या वाऱ्यात कुडकुडत मी शाळेच्या अभ्यासाला बसलोय. पण गवंडी म्हणून माझं डोकं बाराही महिने पावसाळ्यातच असतं. आम्ही घर बांधतो ते जूनच्या भीतीने. पौषातल्या कामालाही मी जूनचीच टोपी घातली होती, आणि एवढ्यासाठी म्हातारीला देशोधडीला लावायची वेळ आणली होती.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः वर चढलो, कामगाराला चढू दिलं नाही. तिन्ही बाजू फोडल्या. चार खांब उभे केले आणि वर चांगली दीड फूट बाहेर आलेली लादी टाकली, म्हणजे आडव्या पावसाचाही बऱ्यापैकी बंदोबस्त. उरलेल्या पावसासाठी डँपर आहेच, तो पावसाळाभर बंद ठेवायचा. हे सगळं ड्रॉइंगमध्ये जवळजवळ तसंच होतं. मी आर्किटेक्टला फोन केला नाही.

सिमेंटला दोन दिवस दिले आणि तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला पेटवली. घाटावरून वारा सुरू झाला होता. पहिला धूर गळ्याशी घुटमळला, मग ओढ लागली आणि सरळ वर गेला. काकींनी खुर्ची पुढे घ्यायला लावली. पाय पसरले, तळवे आगीकडे केले. मग मीनाताईंना म्हणाल्या, “ट्रंकेतली पातळां काड गो भायर.”

ठाण्याची गाडी संक्रांतीला आली. मुलगा तिळगूळ घेऊन उतरला, दोन दिवस फायरप्लेससमोरच झोपला आणि रिकाम्या गाडीने परत गेला.

काकींनी शालनची खणानारळाने ओटी भरली. मला चहा दिला. शेजारपाजारचे बघायला आले तेव्हा शालन प्रत्येकाला सांगत होती, “ह्येंनीच केली सगळी. मी खळ्यात उभी रवलंय फकस्त.” तिने श्रेय घेतलं असतं तर मला निदान तिच्यावर धुसफुसता आलं असतं. तेही तिने ठेवलं नाही. आजही एखाद्या होमस्टेवाल्याचा फोन येतो, वयनी आहेत का म्हणून, आणि माझ्या छातीत थोडं जळतंच. खोटं कशाला बोलू? फोन मात्र आता तिला देतो.

त्यानंतर दोन फायरप्लेस बांधल्या, दोन्ही घाटाच्या पायथ्याच्या गावांत. धूर नाही. धंद्यातला धडा विचाराल तर एवढाच आहे: जी वस्तू ज्या वेळी वापरायची, ती त्याच वेळी तपासावी. म्हणून नवं काम घेतलं की मी आधी संध्याकाळी साइटवर जातो, कामगार गेल्यावर, एकटा. खिशात उदबत्तीचा पुडा असतो. कोणी विचारलं तर सांगतो, वास्तुपुरुषासाठी आहे. शालनला मी यातलं काही बोललेलो नाही. गेल्या महिन्यात खिशातला पुडा संपला होता, तर साइटवर पोचल्यावर हात घातला आणि नवा लागला.