पदराआडून ऐकलेलं

कोरीटमध्ये फुलवंताबाईच्या चोऱ्या सगळ्यांना ठाऊक होत्या. चोरी कसली, तर स्वतःच्याच घरातला गूळ. घरात कापूस ठेवायला जागा पुरायची नाही, पण पितांबरभाईंची ही बायको प्रसादाच्या ताटाभोवती मुंगीसारखी फिरायची. आम्ही पारावर तिची टिंगल करायचो, ती आमच्या बायकांपाशी आमच्या भानगडी उघड्या पाडायची. फिट्टंफाट!

बासष्ट साली तिला मधुमेह निघाला. नंदुरबारच्या डॉक्टरांपुढे ती हनुवटीपर्यंत पदर ओढून बसली. डॉक्टर बोलले ते नवऱ्याशी. "नव्या गोळ्या आहेत, सुईची कटकट नाही. गोळी घेतली की लगेच जेवायचं. गोड बंद. पण कधी घाम फुटला, हात थरथरले, तर साखर फार उतरली समजा, ताबडतोब गूळ द्यायचा."

पितांबरभाईंचं चित्त बाहेर बांधलेल्या नव्या बैलजोडीत. त्यांनी ऐकलं 'गोड बंद', तेवढंच. पदराआडून बाईने सगळं ऐकलं.

घरी येऊन तिने ते सांगितलं आणि गावाला हसायला निमित्त मिळालं.

"साखरना रोगले कोन डॉक्टर गूळ खावाले सांगस वं?" पितांबरभाई म्हणाले. "मी बी तठेच व्हतू ना!"

गुळाची ढेप कुलपात गेली आणि किल्ली सुनेच्या, रंजनाबाईच्या कमरेला.

गोळ्यांनी गुण आला. बाईचा चेहरा उजळला, जिभेलाही धार आली. पितांबरभाई दुपारी शेतातून यायच्या सुमारास ती गोळी घ्यायची आणि ते जेवले की त्यांच्यामागून जेवायची. नवऱ्याआधी घास घ्यायचा नाही, हा तिचा नेम.

दत्तजयंतीला पितांबरभाई सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेले. दुपारी जेवायला येतो म्हणाले, आणि एका घोडीच्या भावावर अडून बसले. बाईने नेहमीच्या वेळेला गोळी घेतली आणि ताट झाकून वाट पाहत बसली.

उन्हं उतरली तशी ती घामाने भिजली.

"रंजना, थोडासा गूळ दे वं पोरी. मन्हा हातपाय थरथरी ऱ्हायनात."

"जेवी ल्या ना मग, आत्याबाई."

"तुन्हा मामांजी येवू दे. गूळ काय जेवन शे? औषध शे. डॉक्टरनीच सांगं ना."

"पुन्हा तेच! मामांजी माले बोलतीन."

सून वाईट नव्हती हो. सासूवर जीव होता, म्हणूनच तिने किल्ली सोडली नाही. उलट साखर उतरावी म्हणून मायेने कारल्याचा रस काढून पाजला. थोड्या वेळाने बाई असंबद्ध बडबडू लागली, मग बोलेनाशी झाली. दिवे लागताना पितांबरभाई घोडी घेऊन आले. नंदुरबारच्या वाटेवर, गाडीतच बाई गेली.

सुनेने रडत रडत सासऱ्याला सगळं सांगितलं. तेरावं उरकल्यावर पितांबरभाई डॉक्टरांशी भांडायला निघाले, सोबत मला घेतलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग गूळ दिला ना? तुम्हाला सांगितलं होतं मी."

पितांबरभाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. मग उठून त्यांनी गाडी जुंपली; डॉक्टरांचं ते बोलणं मी पारावर कधी काढलं नाही.

दारात रंजनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी. "काय म्हने डॉक्टर, मामांजी?"

ते पाणी प्यायले.

"गोळ्याच खराब व्हत्यात, पोरी. गूळ देती तरी काही उपेग नही व्हता."

मग घरात जाऊन उरलेल्या गोळ्यांची बाटली घेतली आणि तिच्यादेखत उकिरड्यावर भिरकावली.