जनरलसाहेबांनी सांडलेलं पाणी

कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या आमच्या गल्लीत धोंडिबांना नुसतं "काय बाबा, थंडी?" असं विचारा, बर्फ उपसायचं शोव्हल बाजूला ठेवून ते थेट जनरल ऑल्डरिजवर यायचे. मिसरूड फुटायच्या वयात हे इंग्रज साहेब आफ्रिकेत गेले, तिथल्या पलटणी चालवल्या, तिथल्या बोल्या शिकले, जनरल झाले आणि तेच काळे शिपाई घेऊन दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या लढाईत उतरले. धोंडिबा तिथे खेचरं हाकत. बाहेर उणे दहा असायचं म्हणून बरं, नाहीतर ऐकणाऱ्याचं ग्रोसरीतलं आइसक्रीम वितळलं असतं.

शेवट ठरलेला. "गावात आमच्या ओंजळीत वरून धार सोडायचे. अन् साहेबानं माझी बाटली तोंडाला लावली!"

एवढं बोलून एरवी न थांबणारा हा माणूस गप्प व्हायचा. कारण एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितलीच नव्हती. पिण्याआधी साहेबांनी थोडं पाणी भुईवर ओतलं होतं. का? आपला हात लागलेला म्हणून? साठ वर्षं हा काटा आत रुतून होता.

२००५च्या डिसेंबरात सुनेनं, दीपानं, बस स्टॉपवर ओळख झालेल्या घानाच्या मेन्सा आजोबांना चहाला बोलावलं. हे आजोबा ऑल्डरिजच्याच पलटणीतले निघाले! धोंडिबांचं धाबं दणाणलं. हा गडी साहेबांना ओळखतो. काही भलतंच सांगून बसला तर?

"दीपा, माझं पोट बिघडलंय. नंतर बोलव त्याला."

"बाबा, इतकी वर्षं अख्खी गल्ली पिडलीत. आता खरा साक्षीदार येतोय तर पोट?"

मेन्सा आले. धोंडिबांनी पाण्याचा ग्लास हातात दिला. मेन्सांनी कार्पेटकडे पाहिलं, मग उठून मागचं दार सरकवलं, काहीतरी पुटपुटत थोडं पाणी बाहेर बर्फावर ओतलं आणि उरलेलं घटाघट प्यायले.

धोंडिबांचा चेहरा उतरला. "व्हाय थ्रो? माय हँड नो गुड?"

मेन्सा गोंधळले. दोन्ही हात हलवत त्यांनी दीपाला समजावलं.

"बाबा, ते म्हणतात, पहिला घोट गेलेल्या वाडवडिलांना द्यायचा, मग आपण प्यायचं. त्यांच्याकडची रीत आहे."

"अन् जनरल? जनरल ऑल्सो वॉटर थ्रो?"

मेन्सा कवळी सावरत हसले. "ऑल्डरिज? ऑलवेज! लर्न्ड फ्रॉम अस! इव्हन टी! ओन्ली व्हिस्की, नॉट वन ड्रॉप!"

धोंडिबांनी डोळे पुसले आणि मग एकदम मांडीवर थाप मारली. "दीपे! म्हणजे माझ्या हातचं पाणी साहेबाच्या बापजाद्यांनीसुद्धा पिलं की गं!"

त्या दिवसापासून गोष्टीला शेपूट फुटलंय. आता धोंडिबा गप्प होत नाहीत, ग्लास आणून करून दाखवतात, तेही आमच्याच ड्राइव्हवेवर. पाणी तिथल्या तिथे गोठतं. त्यांच्या बापजाद्यांची तहान भागते, बर्फ वितळवायचं मीठ मात्र आम्ही टाकायचं!