सोळा डिग्रीचा ढोलवाला

फैजपुरात एप्रिल महिन्यात अंगात स्वेटर घालून कामाला निघणारा माणूस एकच, तो म्हणजे आमचा शाहबाज. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं पोराला ताप आहे. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला वाटतं डोक्यातच काहीतरी आहे. तसं काही नाही. तो चुडामण आबांच्या केळी पिकवायच्या चेंबरवर कामाला आहे. बाहेर त्रेचाळीस, आत सोळा. हिरवी केळी आत जातात, चार दिवसांनी पिवळी होऊन बाहेर येतात, आणि ती नेमकी कधी काढायची हे शाहबाज नुसत्या सालीकडे बघून सांगतो. शाळेत त्याला काटकोन आणि लघुकोन यातला फरक शेवटपर्यंत कळला नाही, पण पिवळा रंग मात्र तो तुम्हाला आठ प्रकारचा दाखवेल.

त्याचे वडील नासीर मास्तर. लग्नाच्या बँडचे मालक, स्वतः क्लॅरिनेट वाजवतात. यावल-रावेर भागात गेल्या तीस वर्षांत ज्यांची लग्नं लागली त्यातल्या निम्म्या नवरदेवांना मांडवापर्यंत मास्तरांनीच पोचवलंय. पुढे काय झालं त्याची जबाबदारी ते घेत नाहीत. शाहबाज नववीपासून सुट्ट्यांमध्ये त्यांच्या मागे ढोल वाजवायचा. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि मापाची टोपी कधीच न मिळाल्यामुळे एका कानावर आलेली टोपी. वर्गातली एखादी मुलगी वऱ्हाडात दिसली की तो टोपी आणखी खाली ओढायचा.

आता 'सोळा डिग्री' या ग्रुपची गोष्ट. कुंदन हा चुडामण आबांचा पुतण्या. पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि येताना डिग्रीच्या ऐवजी गिटार घेऊन आला. मयुरी फार्मसी करून घरच्या मेडिकलवर बसते आणि बेस गिटार वाजवते. कोणी विचारलं तर ती सांगते, "चारच तारा आहेत, म्हणून परवडते." या दोघांना ड्रमवाला हवा होता, आणि फैजपुरात ड्रमवाला म्हटलं की लोक नासीर मास्तरांच्या घराकडे बोट दाखवतात.

आधी ते कुंदनच्या गच्चीवर वाजवायचे. आठ दिवसांत गल्लीने त्यांना खाली उतरवलं. मग शाहबाजने चेंबर सुचवलं. माल यायच्या आदल्या दिवशी रिकामं चेंबर थंड करून ठेवावं लागतं. दार जाड, भिंती जाड, आत भूकंप झाला तरी बाहेर कळणार नाही. आबांनी परवानगी दिली, पण ती त्यांच्या पद्धतीने. "वाजवा. पण माल बिघडला तं तुम्हाला कॅरेटमध्ये भरून दिल्लीला पाठवीन."

दोन वर्षं त्यांनी तिथे वाजवलं. स्वेटर घालून, कानटोप्या घालून. नावही भिंतीवरच्या मीटरवरूनच घेतलं. त्यांचं पहिलं गाणं 'हिरवा माल', कच्चेपणीच गावाबाहेर धाडलेल्या पोरांवरचं. त्याचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला तेव्हा खाली पहिली कॉमेंट आली, "भाऊ, हे मनाली का?" दुसऱ्याने लिहिलं, "मागे केळीचे कॅरेट दिसतायत, मनालीला केळी कुठे?" या वादातच व्हिडिओ पसरला. जळगावच्या दोन कॉलेजांनी गॅदरिंगला बोलावलं, हॉलमध्ये, पंख्याखाली. पोरं-पोरी 'हिरवा माल' सोबत म्हणायला लागली. मग धुळ्याच्या एका कॉलेजातून फोन आला. मोकळं मैदान, मोठा स्टेज, दोन हजार लोक.

आणि इथेच आखाजी आडवी आली.

आमच्याकडे शेतावर सालदार ठेवायचा तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. त्या दिवशी हो म्हटलं की वर्षभर बांधला गेला. नासीर मास्तरांनी हीच रीत बँडला लावलेली. आखाजीच्या सकाळी सगळे वाजवणारे त्यांच्या अंगणात जमतात, मास्तर एकेकाचं नाव घेतात, तो "हां" म्हणतो, आणि पुढच्या आखाजीपर्यंत त्याचा प्रत्येक मुहूर्त मास्तरांचा. यंदा ढोलवाला सुरतेला मिलमध्ये गेला होता. जागा रिकामी. आणि मास्तरांनी घरात एकदाच सांगितलं होतं, "बेटा, ढोलाचं घरातच बघू."

हां म्हटलं तर 'सोळा डिग्री' संपलं. लग्नाचे मुहूर्त आणि कॉलेजांचे कार्यक्रम एकाच हंगामात येतात. मयुरी म्हणाली, "सरळ नाही सांग ना."

"तू सांग येऊन," शाहबाज म्हणाला. "चहा मी पाजतो."

शेवटी त्याची आई, साबेराबी, मध्ये पडली. तिने मास्तरांना एवढंच म्हटलं, "पोरगं काय वाजवतं ते आधी ऐका तरी. नवरदेवाचं तोंड न बघता वरात काढता का तुम्ही?" मास्तरांनी मान्य केलं. धुळ्याचा कार्यक्रम आखाजीच्या तीन दिवस आधी होता. त्या दिवशी मास्तरांचं सोनगीरला दुपारचं लग्न होतं, तिथून धुळं जवळच. "ऐकतो," ते म्हणाले, "मग ठरवू."

धुळ्याला पोचल्यावर कुंदनने एक शहाणपणा केला. बाकीचे ग्रुप स्टेजमागे उन्हात तारा लावत होते. कुंदन म्हणाला, "आपण कायम थंडाव्यातच लावतो. डोकं शांत राहतं." आणि त्याने कॉलेजच्या प्रिन्सिपॉलसाहेबांच्या एसी केबिनमध्ये बसून दोन्ही गिटार अगदी सुरात लावल्या. मयुरी म्हणाली, "बाहेर जाऊन एकदा बघू का?" कुंदन म्हणाला, "दोन वर्षांत कधी बिघडल्या का?" दोन वर्षांत त्या सोळा डिग्रीच्या किंवा पंख्याच्या बाहेर गेल्याच नव्हत्या, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. स्वेटर तेवढे त्यांनी काढून ठेवले होते.

संध्याकाळचे पाच. स्टेजवर पत्रे, पत्र्यावर ऊन. पहिलं गाणं निभावलं. 'हिरवा माल' सुरू झाला आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत कुंदनच्या तारा सैल पडून असा काही आवाज काढायला लागल्या की पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी कानातलं मशीन काढून तपासलं. बेस वेगळ्याच गावाला निघालेला. कुंदनने गाणं थांबवलं आणि खाली वाकून खुंट्या पिळायला लागला. मयुरीही वाकली. दोन हजार लोकांसमोर दोन पाठी.

"ओ भो," मागून एक आवाज आला, "आठे गावाले उनात का तारा कसाले?"

गायला आलात की तारा कसायला, हा प्रश्न तसा रास्तच होता. हशा. शिट्ट्या. मागच्या खुर्च्या सरकायला लागल्या. आणि त्या खुर्च्यांच्या शेवटी, सोनगीरहून सरळ आलेले, अंगात अजून लाल कोट असलेले नासीर मास्तर बसले होते.

वरातीत क्लॅरिनेटची पत्ती अडकते, गाणाऱ्याचा माइक जातो, भोंगा बंद पडतो. सगळं चालतं. ढोल थांबला तर मात्र घोडी थांबते, आणि घोडी थांबली की मुलाकडच्यांना मानपानाच्या सगळ्या चुका आठवायला लागतात. हे शाहबाजला कोणी सांगितलं नव्हतं, त्याच्या मनगटांना ठाऊक होतं. त्याने काठ्या उचलल्या आणि वाजवायला लागला. 'हिरवा माल'चा ठेका नव्हे. नवरदेव देवळातून निघून मांडवाकडे वळतो तेव्हाचा, तो सगळ्या खानदेशाला पोटात ओळखीचा ठेका. आधी हळू. मग एकेक पायरी चढवत.

आधी खुर्च्या सरकायच्या थांबल्या. मग डावीकडच्या चार पोरी उठल्या. त्यांना बघून पोरं उठली, कारण पोरांचं तसंच असतं. "बठ्ठा नाची ऱ्हायनात ना भो, तू काय बसेल शे?" असं म्हणत कोणीतरी मित्राला खुर्चीवरून ओढलं. माइकवाला नाचत होता. मगाचे आजोबा बसल्या बसल्या खांदे उडवत होते. पाच मिनिटं मैदानात एकटा शाहबाज होता, बिनतारांचा, घामाने निथळलेला. तेवढ्यात तारा लागल्या, आणि कुंदन त्याच ठेक्यावर 'हिरवा माल'चं दुसरं कडवं घेऊन आत शिरला. आजही ते गाणं ते तसंच वाजवतात. लोकांना वाटतं, मुद्दाम बसवलंय. कुंदन मुलाखतीत सांगतोसुद्धा की मुद्दाम बसवलंय.

रात्री परतताना मास्तर टेम्पोत पुढे बसले. मागे शाहबाजचा जीव हातातल्या काठ्यांएवढा. पारोळा सोडल्यावर त्यांनी विचारलं, "तो पोरगा तारा कुठे लावत होता?"

"प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये, अब्बा. एसीत."

मास्तर जे हसायला लागले ते एरंडोल येईपर्यंत हसत होते. पण ठरवलं काय, ते काही बोलले नाहीत. कोणाची विचारायची छातीही झाली नाही.

आखाजीच्या सकाळी अंगणात सतरंजी पडली. बारा-चौदा माणसं बसली. शाहबाज भिंतीला टेकून कडेला. मास्तरांनी नावं घ्यायला सुरुवात केली. ट्रम्पेट, छगन. "हां, मास्तर." झांज. भोंगा. एकेक "हां" पडत होता आणि शाहबाज तोंडातल्या तोंडात स्वतःचा "हां" घोळवत होता. साबेराबी दारात उभी.

"ढोल," मास्तर म्हणाले, आणि थांबले. "वना, सोनगीरवाला."

धुळ्याच्या कार्यक्रमाआधी दुपारच्या लग्नात ज्याने ऐनवेळी ढोल सांभाळला होता तो सोनगीरचा वना. पहाटेच्या गाडीने येऊन सतरंजीच्या टोकाला बसला होता आणि शाहबाजने त्याला कोणाचातरी पाहुणा समजून पाणीही दिलं होतं. "हां, मास्तर," वना म्हणाला.

शाहबाजला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण जरा उशिरा. आधी त्याचं तोंड पडलं. नावं संपल्यावर तो वडिलांजवळ गेला. "अब्बा, माझं नाव घ्यायचं होतं ना एकदा. विचारायचं तरी."

मास्तर क्लॅरिनेटची पत्ती पुसत होते. "तुझं नाव घेतलं असतं," ते म्हणाले, "तर तू हां म्हणाला असतास. म्हणून नाही घेतलं."

शाहबाज काही बोलणार, तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "आणि डावा हात सुधार. धुळ्याला शेवटी शेवटी मागे पडत होता. वना आलाय, त्याला विचार."

शाहबाज वनाजवळ जाऊन बसला.