भट्टीपुढचा ठिय्या

माझी नणंद दौंडला असते आणि मी शिरूरला. भांडायला काहीतरी कारण हवं म्हणून या दोघींनी गेम काढला, असं माझा नवरा पाहुण्यांना सांगतो. प्रत्यक्षात कारण होतं इनामगावचं एक बारसं. जेवणं झाल्यावर कुणीतरी आम्हाला नदीकडे नेलं. हजारो वर्षांपूर्वीच्या झोपड्या जिथं खणून काढल्या होत्या, ती जागा दाखवली. नणंद घरी बसून एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते. ती जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, तेव्हा इथं राहायची वेळ आली असती, तर तू काय केलं असतंस?"

"पहिल्यांदा चहा नाही म्हणून रडले असते," मी म्हणाले.

त्यातून आमचा गेम निघाला. मोबाईलवर खेळायचा, ऑनलाइन, सगळ्यांनी मिळून. तुम्ही त्या जुन्या वस्तीतलं एक माणूस व्हायचं, शेतकरी, शिकारी नाहीतर कुंभार. झोपडी बांधायची, जव पेरायचे, रानडुकरांपासून जीव वाचवायचा. जिंकायचं काही नाही, नुसतं राहायचं. गप्पा मारायला एक जागा ठेवली, तिला नाव दिलं पार. गोष्ट आणि नियम मी लिहायचे, बाकी सगळं तिच्याकडे.

सुरुवातीला आलेली माणसं मोजकी, पण चिवट. तळेगाव ढमढेऱ्याचे एक आबा होते, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. ते गेममधले मुख्य कुंभार. भांडगावला हायवेवर खानावळ चालवणाऱ्या एक मावशी होत्या. त्या गेममध्येही लोकांना जेवूच घालत. आणि एक शिकारी होता. तो कोण, कुठला, कुणालाच माहीत नव्हतं. बोलायचा नाही, पण रोज यायचा. या निष्ठावंतांना काहीतरी मान हवा म्हणून मी एक नियम केला होता: मोठी भट्टी फक्त मुरलेल्या कुंभारानंच पेटवायची. म्हणजे आबांनी.

अडचण नव्या लोकांची होती. ते यायचे आणि निघून जायचे. आमच्या कारखान्यात स्टोअरला माझ्याबरोबर एक जण आहे, नुकतंच लग्न झालेली. तिला जेवणाच्या सुट्टीत मी गेम उघडून दिला. डबा संपेपर्यंत तिला रानडुकरानं मारलं, पुरानं वाहून नेलं आणि परत रानडुकरानं मारलं.

"मॅडम," ती म्हणाली, "ह्यो गेम हाय का सासुरवास?"

ते मला लागलं. मी नणंदेला फोन केला आणि आम्ही मोठा बदल करायचं ठरवलं. नव्या माणसाला आल्याआल्या तयार झोपडी, मडक्यांचा एक संच आणि पोतंभर जव. तो स्थिरावेपर्यंत डुक्कर त्याच्या वाटेला जाणार नाही. एका रविवारी दुपारी हे सगळं चालू केलं. मी खुशीत भजी तळली.

पुढच्या रविवारची भजी संपायच्या आत पारावर आबांचा मेसेज आला. "आमची पहिली झोपडी कितींदा पडली ते आमचं आम्हाला म्हाईत. आन् ह्यांना आयती? आजपास्नं भट्टी बंद." आणि त्यांचा कुंभार भट्टीपुढं जाऊन बसला. थोड्या वेळानं मावशी येऊन शेजारी बसल्या. मग शिकारीही आला आणि मांडी घालून बसला.

भट्टी बंद म्हणजे मडकी बंद. नवी मडकी नाहीत म्हणजे नवं धान्य ठेवायला जागा नाही. दोन दिवसांत उंदरांनी वस्तीतले निम्मे जव फस्त केले. उंदीर मीच लिहिले होते आणि तेवढे मात्र अगदी मनापासून कामाला लागले.

त्यात नव्या लोकांना हा प्रकार कळेना. त्यांना वाटलं, कसला तरी सण आहे. आमच्या भागातल्या कारखान्यात क्रेन चालवणारा एक भय्या नवा आला होता. त्यानं पारावर विचारलं, "ये बैठने से क्या मिलता है?" आणि उत्तराची वाट न बघता तोही रांगेत बसला. त्याचं बघून बाकीचे बसले. स्टोअरवालीसुद्धा बसली. मी तिला विचारलं तर म्हणते, "मला वाटलं, बसलं की लेव्हल वाढती." ज्यांच्या विरोधात आंदोलन, तेच आंदोलनात.

"वहिनी, प्रोग्राममधली एक ओळ बदलते," नणंद म्हणाली. "कुणीही भट्टी पेटवू शकेल. विषय संपला."

"आबांचा मान काढून घ्यायचा नाही."

"मग उंदरांनाच मान दे."

यावरून आमचं एवढं वाजलं की दोन दिवस आमचे निरोप माझा नवरा पोचवत होता. तोच शेवटी कंटाळून म्हणाला, "तळेगाव काय अमेरिकेत आहे का? जाऊन भेटा की त्या माणसाला."

आबांना पारावर कळवून तळेगावच्या बाजाराच्या दिवशी आम्ही निघालो. स्टोअरवाली म्हणाली, एवढं रुसणारा माणूस मला बघायचाय, म्हणून तिलाही गाडीत घेतलं. न्हावऱ्याला नणंद चढली. आबा म्हणजे मोठ्या मिशांचे, आडदांड असणार असं मी धरून चालले होते. बाजारातल्या चहाच्या टपरीवर भेटले ते अगदी लहानखुरे. अंगात स्वेटर, हातातल्या पिशवीतून मेथी डोकावत होती.

"गेमचं सरकार ते तुम्हीच का?" त्यांनी विचारलं.

"आबा, तुमचं आम्ही काहीच काढून घेतलेलं नाही," नणंद म्हणाली.

"न्हाई ना घेतलं. मग आम्हाला बी द्या. जुन्यांना दोन दोन झोपड्या."

"दोन झोपड्यांचं काय करणार तुम्ही?"

"भाड्यानं देऊ."

तेवढ्यात त्यांनी भांडगावच्या मावशींना फोन लावून स्पीकरवर घेतलं. मावशींना बैलजोडी हवी होती. नणंद म्हणाली, एकच बैल मिळेल. मावशी म्हणाल्या, एका बैलाला काय बघत बसू? ग्रामपंचायतीची सभा बरी, असं होऊन बसलं.

स्टोअरवालीचा चहा पिऊन झाला होता. ती मध्येच म्हणाली, "आबा, ती फुकटची मडकी ऱ्हाऊ द्या. मी हातानं केलेलं मडकं दर वेळी वाळतानाच तडकतंय. का वो?"

आबा वळले. "माती कुठली घेती?"

"नदीची."

"वरल्या अंगाची का खालच्या?"

"खालच्या."

"मग तडकणारच! तिथं वाळू हाय." त्यांनी पिशवी खाली ठेवली, चहात बोट बुडवलं आणि टेबलावर नदी काढायला लागले. फोनवरून मावशी ओरडत होत्या, "हॅलो, बैलांचं काय झालं?" पण आबांना बैलही आठवेनात आणि आम्हीही.

परतीच्या वाटेवर नणंदेनं मोबाईलवर पार उघडून जुने मेसेज चाळले. मग म्हणाली, "वहिनी, आपण हे सगळं फुकट वाटायला लागल्यापासून पारावर आबांना कुणी काही विचारलंय का?"

मी आठवून पाहिलं. पूर्वी पारावर सारखं चालायचं: आबा, माती कुठं मिळंल, मावशी, मूठभर जव द्या. आम्ही सगळं आयतं दिलं आणि कुणाला कुणाच्या दारात जायची गरजच उरली नाही. नवी माणसं मरेनात, पण आत येऊन बघत बसत आणि कंटाळून जात. जुन्यांना तर कुणी हाकच मारत नव्हतं. झोपडीवरून रुसलोय, असं आबांनाही वाटत होतं आणि आम्हालाही.

मग आम्ही आयती झोपडी काढून टाकली. डुक्कर मात्र लांबच ठेवलं. नवा माणूस आता रिकाम्या हातानं येतो आणि कुणातरी जुन्याकडे पाहुणा म्हणून उतरतो, स्वतःचं घर उभं राहीपर्यंत. यजमानाला बक्षीस द्यावं, असं नणंदेचं म्हणणं. मी म्हणाले, मग ते पाहुणे गोळा करत सुटतील. शेवटी एवढंच ठेवलं, की पाहुण्याच्या पहिल्या मडक्यावर यजमानाची खूण उमटेल.

तेवढ्यावरही मावशींनी पाहुणे गोळा केलेच. त्यांच्या झोपडीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मर्यादा घातली, तर त्या फोनवर माझ्याशीच भांडल्या. आबांकडे उतरलेल्या क्रेनवाल्याला मातीवर इतकं ऐकावं लागलं की तो एकदा पारावर म्हणाला, "आबा, छोटा वाला बताओ."

शिकारी मात्र गेला. "आता गर्दी झाली," एवढंच लिहून. त्याच्यासाठी काहीतरी करता आलं असतं, असं मला अजून वाटतं. लांबचं एखादं जंगल, निवांत. पण आम्हाला सुचलं तेव्हा तो नव्हता.

नवे नियम लागू झाले त्याच रविवारी ठिय्या उठला आणि भट्टी पेटली. आबांनी मडकी रचायचं काम पाहुण्यांना दिलं. त्यांनी ती कशीही कोंबली आणि निम्मी फुटली. आबांनी पारावर व्हॉइस मेसेज टाकला, आयुष्यभर एसटीच्या दारात लटकणाऱ्यांवर ओरडून तयार झालेल्या आवाजात: "आरं, मागं सरका की! एकमेकाच्या डोक्यावर कशाला ठेवताय?"

स्टोअरवालीनं त्या मेसेजची रिंगटोन केली. दुसऱ्या दिवशी ऐन कामाच्या वेळेत रॅकमागून आबा ओरडले आणि फोर्कलिफ्टवाला खरोखरच मागं सरकला. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली आणि त्या आठवड्यात आमच्या स्टोअरमधले आणखी काहीजण गेममध्ये आले.

आबांचा मला फोन. "ही नवी मंडळी कुठली म्हणायची?"

"आमच्याच स्टोअरमधली, आबा."

"मग माल तरी नीट रचत्याल," ते म्हणाले. "धाडा माझ्याकडं."