कोळशातला अडुळसा

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. पण काल आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आईने खोकल्यासाठी अडुळसा उकळला आणि त्या कडवट वासाने एमएस्सीची लॅब आठवली. माझी पार्टनर पानिपतची होती. अडुळशाच्या अर्कातून औषधी द्रव्य शुद्ध करायचं, हा आमचा प्रोजेक्ट. तो फसला तर घरचे तिला परत बोलावणार होते. त्या दुपारी आम्ही हिरव्यागार अर्कात सच्छिद्र कोळशाची पूड घालून तो गाळला. खाली पाण्यासारखा स्वच्छ द्रव उतरला, आम्ही खूश झालो. पण तपासणीचा थेंब टाकला, तर औषध असल्याचा नारिंगी रंग येईना. हिरव्या रंगाबरोबर कोळशाने औषधही ओढून घेतलं होतं, आणि पानं संपली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "पानिपत झालं!" तिने डोळे पुसत विचारलं, "मेरे शहर को क्या हुआ?" मी ओशाळून अर्थ सांगितला. "अच्छा, हारना? यार, पानिपत में तो फटे स्वेटर से भी ऊन निकाल लेते हैं," असं म्हणत तिने, जुन्या स्वेटरमधून लोकर काढावी तसा, फेकायला ठेवलेला काळा चोथा उचलला आणि किंचित आम्ल घातलेल्या कोमट अल्कोहोलने हळूहळू धुतला. तपासणीचा थेंब टाकताच त्या धुवणाने नारिंगी रंग धरला. पुढे ती पीएचडीला गेली आणि बोलणं कमी होत गेलं. काल राहवलं नाही म्हणून मी मेसेज करून थीसिसचं विचारलं. आज सकाळी उत्तर आलं. डिग्रीच्या फोटोखाली तिने मराठीत दोनच शब्द लिहिले होते, "पानिपत झालं!"