ओटीत गेलेला पंखा

शेठच्या दुकानात माझं टेबल बांगड्यांच्या खोक्यांमागं होतं. पुढं खण, नारळ, हळदीकुंकवाचे पुडे, देवीची ओटी भरायला लागणारं सगळं. आणि मागं इंग्रजी अक्षरांची चकचकीत पाटी, टेलिफोन, वजनकाटा आणि मी. पुण्याच्या एका कुरिअर कंपनीनं तुळजापूरची एजन्सी शेठना दिली होती. कंपनीचे लोक फोनवर इंग्रजीच बोलायचे. शेठना मराठी, कन्नड आणि धंद्यापुरतं उर्दू येत होतं. मी सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून मला ठेवलं. जिला इंग्रजी येतं तिला बोलताही येतं, असा त्यांचा समज होता.

तोवर आमच्याकडं घाईचं सामान म्हणजे एसटी. सोलापूर स्टँडवर ड्रायव्हरच्या हातात पुडकं द्यायचं आणि ज्याचं असेल त्यानं इकडं येणाऱ्या प्रत्येक गाडीला उभं राहायचं. कंपनीचं म्हणणं वेगळं होतं. प्रत्येक वस्तूला नंबर असेल. नंबर फोनवर सांगा, वस्तू कुठं आहे ते कळेल. आमचा माणूस सोलापूरहून रोज सकाळी मोटरसायकलवर पार्सलं घेऊन यायचा. स्टँडवरचे हमाल शेठना चिडवायचे, "शेठ, फटफटी पंक्चर झाली तर लाजू नका, आमच्या टपावर टाका!"

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. अणदूरच्या अलीकडच्या एका गावातल्या सहकारी सोसायटीचा पंप चालवणारा माणूस एका दुपारी आमच्याकडं आला. पंप बसवला होता उसासाठी. ऊस वाळून गेला, तेव्हा विहिरीच्या तळाचं पाणी सोसायटीनं गावाच्या टाकीला दिलं होतं. आता पंपाच्या आतलं फिरणारं चाक तुटलं होतं. तो त्याला पंखा म्हणायचा. नवा पंखा सोलापूरच्या दुकानात होता.

"चेअरमन म्हणत व्हते, येष्टीनं मागव," तो म्हणाला. "म्या मीटिंगीत समद्यांपुढं सांगितलं, कंपनीनं मागवतो, उद्या दुपारी पाणी देतो. तवा ताई, ध्यान ठिवा. येष्टीनं उशीर झाला तर कोण बोलत न्हाय. तुमच्यापायी झाला तर बाया माझ्या दारात घागरी फोडतील."

आमच्याच फोनवरून त्यानं सोलापूरच्या दुकानदाराला ओरडून बजावलं, "पूजा करून, खण-नारळ ठिवूनच पाठवा! मागल्या खेपंला तसाच बसिवला, म्हणून तुटला."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा पंखा नव्हता. सकाळची पार्सलं उतरताना मी पुण्याशी फोनवर बोलत होते, त्यामुळं काय काय आलं ते मी पाहिलं नव्हतं. मोटरसायकल केव्हाच परत गेली होती. मी सोलापूरला अर्जंट ट्रंककॉल लावला. नंबर सांगितला.

"पोचलंय," तिकडून उत्तर आलं.

"कुठं?"

"तुमच्याकडं."

मी टेबलाखाली पाहिलं. पुण्याला विचारलं, त्यांनी इंग्रजीत तेच सांगितलं, की वस्तू या क्षणी माझ्यासमोर आहे. मी "येस सर" म्हणाले.

"फोनला दिसतंय म्हंता," तो माणूस म्हणाला, "मग आपल्याला कसं दिसंना?"

शेठ आणि त्यांच्या बायको, आमच्या काकू, आत कन्नडमध्ये भराभर बोलू लागले. त्यातला मला 'पार्सल' एवढाच शब्द कळत होता. मग काकू एकदम पायरीवर बसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "अय्यो, ते तबक तुमचं व्हय?"

झालं होतं ते असं. वाटेत नारळ फुटला आणि गोणपाट भिजलं. काकूंनी ते सोडून अंगणात वाळत घातलं, इंग्रजी चिठ्ठीसकट. आत खणाखाली पितळेचं पिवळंधमक, गोल, हळदीकुंकू वाहिलेलं काहीतरी. तुळजापूरला यायला जमलं नाही की बायका दुसऱ्याच्या हाती ओटी पाठवतात, हे काकूंना लहानपणापासून माहीत. त्यांनी दुकानातला एक चांगला नारळ वर ठेवला आणि दर्शनाला निघालेल्या बायकांबरोबर पंखा पुजाऱ्यांकडं पाठवून दिला.

"लई जड लागलं बघ," त्या मला म्हणाल्या. "म्हटलं, बाई मोठ्या घरची असंल."

शेठ, तो माणूस आणि मी पुजाऱ्यांच्या घरी गेलो. आमच्या घरी देव्हारा नव्हता. वडिलांनी भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली होती. मी मंदिराच्या गावात नोकरी करत होते, पण पुजाऱ्याच्या घरात कधी गेले नव्हते. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. शेठ म्हणाले, "कंपनीकडनं तुम्हीच बोला."

पंखा पाटावर होता. त्यावर फूल होतं.

"ही वस्तू यांच्या नावावर आहे," मी म्हणाले. "चुकून इकडं आली." माझं मराठी मलाच पाठ केल्यासारखं वाटलं.

"नावावर व्हती, बाई," पुजारी शांतपणे म्हणाले. "आता देवीम्होरं ठिवलीय. दिलेलं परत मागत्यात व्हय?"

आता तो माणूस भांडेल, असं मला वाटलं. त्यानं हात जोडले. "मालक म्हणतेत ते बी खरं हाय," तो म्हणाला.

मी त्याच्याकडं पाहतच राहिले. मी कुणाच्या बाजूनं बोलत होते? तिकडं टाकी कोरडी होती, घागरी वाट पाहत होत्या आणि ज्याचा पंखा तोच तो सोडायला निघाला होता. त्याच्या डोळ्यांत मात्र पाणी तरळलं होतं.

पुजाऱ्यांनाही ते दिसलं असावं. "ह्यानं व्हतं तरी काय?" त्यांनी विचारलं. "पाती अशी वाकडी का, ते आमाला बी कळंना."

"पाणी चढतंय, मालक. गावाला."

पुजाऱ्यांनी फूल उचललं. "मग असं करा, प्रसाद म्हणून घिऊन जावा. पर प्रसाद वाटून घ्यायचा असतोय. कुणाला न्हाय म्हणायचं न्हाय."

"कुणालाच न्हाय म्हणणार न्हाय," तो म्हणाला आणि पंखा पोटाशी धरला.

मोटरसायकल सोलापुरात होती. राहता राहिली एसटी. स्टँडवर हमालांनी आम्हाला येताना पाहिलं. "या शेठ, या! टपावर टाकू का बाईंच्या मांडीवर ठिवू?" वस्तू माणसाच्या घरापर्यंत पोचवायची असा कंपनीचा नियम, म्हणून शेठनी मलाही गाडीत बसवलं. ड्रायव्हर म्हणाला, बॉनेटजवळ ठेवा. पंपवाल्यानं पंखा तिथं ठेवला नाही. सगळी वाट मांडीवर घेऊन बसला.

गावात त्यानं हळदीकुंकू न पुसताच पंखा बसवला. टाकीपाशी बायका रांगेत उभ्या होत्या. पाईप खोकला, थुंकला आणि लालसर पाणी आलं.

"कुंकू हाय गं ते!"

"कशाचं कुंकू, गंज हाय पायपाचा."

"कंपनीनं पाठिवलंय म्हणं."

"कसली कंपनी? येष्टीतनं उतरताना म्या बघिटलं की. व्हय का न्हाय ओ बाई?"

सगळ्या माझ्याकडं पाहू लागल्या. सोलापूरहून आणलं मोटरसायकलनं, इथवर आणलं एसटीनं, आणि मधल्या मुक्कामाचं काय म्हणायचं ते मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं. मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते त्यांनाही कळलं नसावं.

तो माणूस तांब्या भरून घेऊन आला. पाणी आता निवळत होतं. "पयलं तुमी घ्या, ताई."

रांगेतल्या पुढच्या म्हातारीनं मला न्याहाळलं. "कुणाच्या गं तुमी? आडनाव काय?"

हा प्रश्न आला की मी एरवी गावाचं नाव सांगायची आणि गप्प व्हायची. त्या दिवशी मी आडनाव सांगितलं.

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं, मग तांब्याकडं, मग त्या माणसाकडं. त्यानं तांब्या मागं घेतला नाही.

"बरं," म्हातारी म्हणाली.

त्या 'बरं'मध्ये काय होतं, ते मला तेव्हा समजलं नाही. आजही नीटसं सांगता येत नाही.

"घ्या की मग बिगीबिगी," ती म्हणाली. "मागं रांग खोळंबलीय."